सडी गाडी, लादलेली गाडी

शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला त्वरण म्हणतात, गुजराती पुस्तकात प्रवेग. उधन्याच्या गॅरेजात या दोन्ही शब्दांना कुणी विचारत नाही. तिथे एकच शब्द चालतो: पिकअप. गिऱ्हाईक सुरती असो, खानदेशी असो की ओडिशाकडचं, बोनेट उघडायच्या आधीच त्याची तक्रार ठरलेली असते. ‘पिकअप नथी’, ‘पिकअप नाही’, ‘गाडी वढत नही भाऊ’. मेस्त्री एअर फिल्टर काढतो, दोनदा आपटतो आणि विचारतो, “माणसं किती बसवता?” गिऱ्हाइकाला वाटतं, याने विषय बदलला. त्याने विषय बदललेला नसतो. या पुस्तकातली सगळी प्रकरणं त्याच्या त्या एका प्रश्नाभोवती फिरतात.

प्रस्तावना दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाकडून लिहून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडतो आहे, कारण हे पुस्तक मुळात पुस्तक नव्हतंच. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं लाखांनी राहतात. कुणी लूमच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये, आणि पुष्कळ जण स्टिअरिंगवर. रिंग रोडच्या कापड मार्केटांतून पार्सलं उचलणारा टेम्पो, शाळेची व्हॅन, विमानतळाची टॅक्सी. यांतल्या काही मुलांसाठी मी रविवारी सकाळी वर्ग घ्यायचो. जन्मभर मोटार मेकॅनिकचा विषय शिकवलेला, त्यामुळे खडू हातात आला की थांबवत नाही. त्या वर्गांच्या वह्या म्हणजे हे पुस्तक. भाषा वर्गातलीच ठेवली आहे. जिथे टॉर्कला टॉर्क म्हणतात तिथे मी त्याला संस्कृत नेसवत बसलो नाही.

पुस्तक लिहावंसं वाटण्याचं खरं कारण मात्र वर्ग नव्हे. ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

बारा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरतेहून गावी लग्नाला निघालो होतो. गाडी लहान, सीएनजीची. मागे आई, बायको आणि धाकटा, पुढे माझ्याशेजारी थोरला. डिकीत टाकी, टाकीतून उरलेल्या जागेत आणि मुलांच्या पायांशी साड्यांची दोन गाठोडी, मांड्यांवर घारीचे डबे. हजीऱ्यापासून निघून सुरत, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्या-जळगावकडे जाणाऱ्या या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात. आमच्या तोंडी अजून सहा नंबरच आहे. विसरवाडी सोडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. रस्ता तेव्हा दुपदरी होता. पुढे एक ट्रक साठाच्या आतबाहेर चाललेला. समोर मोकळं दिसलं म्हणून मी चौथ्या गिअरमध्येच उजवीकडे काढली आणि पाय दाबला. गाडीचा आवाज वाढला, बाकी काही वाढलं नाही. ट्रकच्या मागच्या चाकाला मी समांतर आलो आणि तिथेच राहिलो. वळणावर समोरून टँकर दिसला तेव्हा पुढे जाणं शक्य नव्हतं. ब्रेक मारून मागे सरकलो. आई काही बोलली नाही. फक्त घारीचा डबा तिने मांडीवरून खाली ठेवला.

जो माणूस तीस वर्षं गिअर रेशो शिकवत आला होता, त्याने चौथ्या गिअरमध्ये घाटात ओव्हरटेक करायला घेतलं. दहिवेलला चहाला थांबलो तेव्हा बिलाच्या मागच्या बाजूला मी तो हिशेब मांडला. तो इथे देतो, फक्त आकडे आजच्या वॅगनआरच्या मापाचे घेतो, म्हणजे ताडून बघता येतील.

एक लिटरच्या वॅगनआरला पेट्रोलवर ६७ हॉर्सपॉवर आणि ८९ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. सीएनजीवर तीच गाडी ५७ आणि ८२ वर येते. ८२ न्यूटन-मीटर म्हणजे किती? एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ८.४ किलो वजन टांगलं तर नटावर जो पीळ बसेल तेवढा. इतक्याने गाडी काय हलणार? म्हणून मधे गिअर. लहान गाड्यांत चौथा गिअर जवळपास एकास एक असतो, पुढे डिफरन्शियल हा पीळ सुमारे चौपट करतो. चाकाची त्रिज्या २७ सेंटिमीटर धरली आणि वाटेतल्या घर्षणाचे दहा टक्के कापले, तर रस्त्याला मागे रेटणारा जोर येतो ११० किलो. हा आमचा ओढा.

आता खर्च. गाडी टाकीसकट ९०० च्या वर, पाच माणसं, सामान. मिळून १३०० किलो. टायर रस्त्यावर लोळवायला १६ किलो जातात. साठच्या वेगाला हवा कापायला १३. आणि घाट वीस फुटांत एक फूट चढतो असं धरलं, तर चढ एकटा ६५ किलो खातो. बेरीज ९४. शिल्लक उरले १६ किलो, आणि त्यांनी १३०० किलोंना वेग द्यायचा आहे. या शिलकीवर साठाचे ऐंशी व्हायला पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढ्यात गाडी ९०० मीटर पुढे गेलेली असते. खरं तर तेवढ्यातही होणार नाही, कारण वेग वाढेल तसा हवेचा खर्च वाढत जातो. मला घाटात दिसलेला मोकळा रस्ता दोनशे मीटरही नसेल.

तिसऱ्या गिअरमध्ये तीच गाडी तेच काम तेरा-चौदा सेकंदांत करते. दुसऱ्यात सातेक सेकंदांत, इंजिन किंचाळत असलं तरी. आणि तीच वॅगनआर पेट्रोलवर, एकटा ड्रायव्हर, सपाट रस्ता, तिसरा गिअर असेल तर साठ ते ऐंशी चारएक सेकंदांत. चार सेकंद आणि पाऊण मिनिट. मॉडेल एकच, बोनेटखालचं इंजिन तेच, शोरूममधल्या कागदावरचा फोटोही तोच.

म्हणून ‘कुठल्या गाडीचा पिकअप चांगला?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही असं मी वर्गात म्हणायचो आणि मुलं नाराज व्हायची. त्यांना नाव हवं असायचं. पण दोन साध्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांच्यातला फरक कंपनीपेक्षा बहुतेक वेळा दोन गोष्टी ठरवतात: त्या क्षणी चाकापर्यंत किती जोर पोचतो आहे, आणि त्याने किती वजन हलवायचं आहे. पहिलीची चर्चा सगळे करतात. दुसरी गोष्ट सीटवर बसलेली असते म्हणून दिसत नाही.

आपल्या इतिहासात ही गोष्ट ज्यांना पुरती ठाऊक होती त्यांना सुरत चांगलीच माहीत होती. १६७० च्या दुसऱ्या सुरत स्वारीहून परतताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी गाठ पडली, तेव्हा शिवाजी महाराजांनी लादलेली जनावरं पुढे काढून दिली आणि सड्या घोडदळाने लढाई अंगावर घेतली. सडी फौज आणि लादलेली फौज एका चालीने चालत नाही हे जुन्या मराठीला पाठ होतं. घोड्यांच्या जागी हॉर्सपॉवर आली आणि आपण विसरलो. पुस्तकाचं नाव मी तिथूनच उचललं. सुरतेत बसून हा दाखला द्यावा का, असं एका मित्राने विचारलं होतं. मी म्हटलं, साडेतीनशे वर्षं झाली. आता आम्ही इथलेच आहोत.

हॉर्सपॉवर या शब्दाचा मात्र घोड्याशी संबंध नावापुरताच उरला आहे. जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिनं विकताना घोड्यांशी तुलना करून हे माप रूढ केलं. मेट्रिक मापात एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उभं उचलणं. रिंग रोडच्या मार्केटात पाठीवर कापडाचं पार्सल घेऊन जिना चढणारा माणूस डोळ्यासमोर आणा. ७५ किलोचं पार्सल, आणि दर सेकंदाला सरळ वर एक मीटर. कुठलाही हमाल हे काही सेकंदांपलीकडे करू शकणार नाही. साध्या लूमची मोटर एक-दीड हॉर्सपॉवरची असते. वॅगनआरच्या बोनेटखाली असे ६७ न दमणारे हमाल आहेत.

त्यांना काम किती? इथे एक गंमत आहे, आणि वर्गात ती सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. ताशी १०० किलोमीटर वेग घ्यायला गाडीत जेवढं काम भरावं लागतं, तेवढ्यात ती गाडी उभी ३९ मीटर उचलता येते. म्हणजे तेरा मजले. साठचा वेग म्हणजे फक्त १४ मीटर, पाच मजल्यांहून कमी. शून्य ते साठ झालं की अर्ध्याहून जास्त झालं असं वाटतं. प्रत्यक्षात दोन तृतीयांश काम अजून बाकी असतं. हायवेवर ऐंशीच्या पुढे गाडी ‘जड’ वाटते ती यामुळे.

आता ड्रायव्हरसकट ९०० किलोची वॅगनआर तेरा मजले चढवायची आहे आणि ६७ हमाल कामाला आहेत. गुणाकार-भागाकार केला तर ७ सेकंद येतात. गाडी प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेते. पाच माणसं आणि सामान भरलेली सीएनजी गाडी घेतली तर कागदावरच १२ सेकंद होतात, आणि रस्त्यावर त्याचीही दुप्पट धरा.

ही दुप्पट कुठून येते? बहुतेक लोक हवेला दोष देतात. शंभरच्या आत हवा खाते, पण ती मुख्य चोर नव्हे. मुख्य चोर हा की ६७ चे ६७ हमाल फक्त साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास कामावर असतात. दोन हजार फेऱ्यांवर त्यातले विसेक आलेले असतात, बाकीचे चहा पितात. गिअर बदलला की फेरे खाली येतात आणि हजेरी पुन्हा कमी होते. गिअर बदलताना क्लच दाबला तेवढा वेळ तर हजेरी शून्य. शिवाय पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे स्वतःचेच जड भाग, फ्लायव्हील वगैरे, फिरवण्यात बराच जोर जातो. गाडी आहे त्याहून जड असल्यासारखी वागते. टॉर्क मोठा की पॉवर मोठी, यावर गॅरेजात जे वाद होतात ते मिटवायला एवढंच पुरे: टॉर्क म्हणजे एका धक्क्याचा जोर, पॉवर म्हणजे तो धक्का किती वेगाने देत राहता ते. गिअरने टॉर्क वाढवता येतो, पॉवर वाढवता येत नाही. एका प्रकरणात हे सविस्तर आलं आहे, आकृत्यांसकट. आकृत्या माझ्याच हातच्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

सीएनजीवर मी एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे आणि ते या गावात करणं भाग होतं. गॅसचं माहेर सुरतच आहे. देशाच्या उत्तरेला गॅस नेणारी हजीरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन ऐंशीच्या दशकात इथूनच निघाली. आमच्या वर्गातल्या दहा गाड्यांत सात-आठ गॅसवर. तरी गॅसवर पिकअप का पडतो याबद्दल अफाट गैरसमज. कुणी म्हणतो गॅस ‘ठंडा’ असतो, कुणी म्हणतो किट डुप्लिकेट आहे. किट कंपनीचं असलं तरी पडतोच, वरचे ६७ आणि ५७ कंपनीचेच आकडे आहेत. इंजिनाची ताकद ते किती इंधन पितं यावर नसून किती हवा ओढतं यावर असते. पेट्रोलचा थेंब हवेत जागा जवळजवळ अडवत नाही, उलट वाफ होताना तिला थोडी थंड करतो, आणि थंड हवा जास्त मावते. गॅस मुळातच वायू. तो सिलिंडरमधली नऊ-दहा टक्के जागा स्वतः घेऊन बसतो, तेवढी हवा बाहेर राहते. गॅसचा एक गुण आहे, तो सहजासहजी नॉक होत नाही, त्यामुळे जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन चालवू शकतो. पण आपली इंजिनं पेट्रोलसाठी घडवलेली, कॉम्प्रेशन ठरलेलं, तेव्हा तो गुण वाया जातो. वर टाकीचं वजन. लोखंडी टाकी साठेक किलोची, म्हणजे एक कायमचा पाहुणा, जो कधी उतरत नाही आणि भाड्यात वाटाही देत नाही.

तरीही गॅस भरू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. टॅक्सीवाल्याचं घर ॲव्हरेजवर चालतं, पिकअपवर नव्हे. घाटात ओव्हरटेक करण्याआधी बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी आणि दोन गिअर उतरावेत, एवढं जमलं तरी पुष्कळ. मला हे बिलाच्या मागच्या बाजूला कळलं.

हवेचंच आणखी थोडं. मे महिन्यात सुरतेत पारा चाळिशीला गेला की थंडीतल्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा हवा आठ टक्के विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उतरते. उंचीवर तेच; दर हजार मीटरला दहा-अकरा टक्के. महाबळेश्वरला जाऊन ‘इथे गाडी दमते’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. टर्बो इंजिन पंपाने हवा कोंबतं म्हणून त्याला हा त्रास कमी. एसी तीन-चार हॉर्सपॉवर खातो. बऱ्याच गाड्यांत पाय पूर्ण दाबला की तो आपोआप थोडा वेळ बंद होतो, तेव्हा ओव्हरटेकआधी एसी बंद करण्याचा विधी आता फारसा गरजेचा राहिलेला नाही. काही जण तो काच खाली करण्यासकट पार पाडतात. त्याने घामच जास्त येतो.

जुन्या गाड्यांवरचं प्रकरण हौसेने लिहिलं आहे, हे कबूल. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत बनलेली पद्मिनी: १०८९ सीसी, चाळिसेक हॉर्सपॉवर, नऊशे किलोच्या आसपास. ॲम्बॅसेडर: १४८९ सीसी, पन्नासेक हॉर्सपॉवर, अकराशे किलोंच्या वर. भागाकार केला तर दोन्हींचं उत्तर एकच, टनाला ४५ च्या आसपास. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. इंजिन फक्त ७९६ सीसी, हॉर्सपॉवर पद्मिनीएवढीच. जुने ड्रायव्हर हसले: आठशे सीसीची काय गाडी असते? पण ती साडेसहाशे किलोची होती. टनाला ६०. सिग्नल सुटला की पद्मिनीवाला तिच्या मागच्या नंबर प्लेटकडे बघत राहायचा. त्या काळी लोक म्हणायचे जपानी इंजिन जादूचं आहे. इंजिन चांगलं होतंच, पण जादू अडीचशे किलो कमी पत्र्याची होती. पुढे साणंदला बनलेली नॅनो घ्या: ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, सहाशे किलो. टनाला पुन्हा साठाच्या जवळ. लोकांनी तिला हसून घेतलं, पण या एका बाबतीत ती मारुती ८०० च्या बरोबरीची होती. आजच्या गाड्या एअरबॅग, जाड पत्रा, मोठ्या काचा घेऊन जड झाल्या, आणि तरी पळतात, कारण इंजिनं त्याहून जास्त वाढली. त्या जडपणाबद्दल माझी तक्रार नाही. ट्रकच्या मागच्या चाकाला समांतर अडकलेल्या माणसाला जाड पत्रा आवडू लागतो.

सीसी पाठ करण्याची आपली खोड मात्र सुटायला हवी. सीसी म्हणजे खोलीचं क्षेत्रफळ. आत माणसं किती आणि कामाला किती, ते त्यावरून कळत नाही.

विजेच्या गाड्यांनी या विषयाची मांडणीच बदलली. मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण पीळ देते. हमाल दारातच उभे असतात, हजेरीची वाट बघावी लागत नाही. गिअर बदलायचा नाही, क्लच नाही. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत आली: १२९ हॉर्सपॉवर, २४५ न्यूटन-मीटर, १४०० किलो. तेरा मजल्यांचा आपला हिशेब तिला लावला तर कागदावर ६ सेकंद येतात. कंपनी सांगते ९.९. म्हणजे दुप्पट नाही, दीडपटीहून थोडं जास्त. वाचलेला वेळ हा हजेरीचा वेळ. टियागो ईव्हीची ताकद ७५ हॉर्सपॉवर, पेट्रोल टियागोहून कमी, तरी शून्य ते साठ कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५.७ सेकंदांत. शहरात साठच्या पुढे जातो कोण? चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत घेते म्हणतात, २८६ हॉर्सपॉवरवर. काही वर्षांपूर्वी हे आकडे ज्या गाड्यांचे असत त्यांचे फोटो मुलं भिंतीवर लावत. बॅटरीचं वजन मात्र प्रचंड, आणि ते ब्रेक मारताना, टायर झिजताना वसूल होतं. त्यावर मी थोडक्यात लिहिलं आहे. हा भाग दोन वर्षांत जुना होईल.

आणि टायर. सगळा जोर शेवटी तळहाताएवढ्या चार ठशांतून रस्त्याला द्यायचा असतो, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर दोनच ठशांतून. गाडी उसळली की वजन मागे जातं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. कोरड्या रस्त्यावर साध्या गाडीत इतका जोरच नसतो की याची काळजी करावी. पण जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, तापीच्या कुठल्याही पुलाच्या चढावर पाय जोरात दाबून बघा. नको, बघूच नका.

राहिला ड्रायव्हर. रिंग रोडच्या सिग्नलला वॅगनआरच्या पुढे स्प्लेंडर निघून जाते, आणि वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतं की आठ हॉर्सपॉवरची मोटरसायकल ६७ वाल्या गाडीच्या पुढे कशी? भागाकार गाडीच्याच बाजूने आहे. पण मोटरसायकलवाला पहिल्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ओढतो, आणि आपण गाडीत अर्धा क्लच, पाव पाय आणि दुसऱ्या हातात मोबाइल ठेवून निघतो. वीस-तीस मीटरनंतर गाडी त्याला गाठू शकते. तोवर पुढचा सिग्नल आलेला असतो. रोजच्या रस्त्यावरच्या असल्या शर्यती इंजिनं लढतच नाहीत. कोण आधी बघतो आणि कुणाला घाई आहे, एवढ्यावर त्या संपतात. हिरवा दिवा दिसून पाय हलेपर्यंत पाऊण-एक सेकंद सहज जातो, आणि दोन साध्या गाड्यांच्या छापील आकड्यांत पुष्कळदा तेवढाच फरक असतो.

छापील आकड्यांबद्दल एक सावधगिरी. कंपनीचा आकडा एकट्या ड्रायव्हरचा, सपाट ट्रॅकचा, तरबेज हाताचा. अमेरिकी मासिकं शून्य ते साठ मैल मोजतात, म्हणजे ९७ किलोमीटर, आणि बऱ्याचदा सुरुवातीचा फूटभर मोजतच नाहीत, त्यात त्यांचे तीन दशांश सेकंद वाचतात. इंटरनेटवरचे दोन आकडे शेजारी ठेवून भांडणाऱ्यांनी आधी एवढं तपासावं. माझ्या मते आपल्या कामाचा आकडा शून्य ते शंभरचा नाहीच. भरलेल्या गाडीचा, तिसऱ्या गिअरमधला, चाळीस ते ऐंशीचा आहे. तो जाहिरातीत कुणी छापत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो स्वतः काढायची रीत दिली आहे. मोकळा सपाट रस्ता, मोबाइलचं घड्याळ आणि शेजारी बसून आकडे टिपणारा एक माणूस लागतो. ड्रायव्हरने घड्याळाकडे बघायचं नाही.

वाचायला घेण्याआधी एक काम करा. गाडीचं आर. सी. काढा. त्यावर सीसी लिहिलेले आहेत, ते तुम्हाला पाठ आहेत. त्याच कार्डावर अनलेडन वेट म्हणून एक आकडा छापलेला असतो, तो बहुधा तुम्ही आज पहिल्यांदा वाचाल. तो कागदावर उतरवा आणि येत्या सुटीत गावी जाताना गाडीत जे जे बसणार त्या प्रत्येकाचं वजन त्यात मिळवा. आईला वजन विचारायला संकोच वाटला तर साठ धरा. गाठोडी विसरू नका. पहिल्या प्रकरणातलं पहिलं गणित त्याच बेरजेवर आहे.